आधी देणं, मग दान

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "यंत्रांचे सुटे भाग बनवणारं छोटं युनिट मी आणि माझा भागीदार चालवतो. आठ कामगार आहेत. वर्षाच्या नफ्यातला पाचवा भाग मी चर्चला आणि गरजूंना देतो. धंद्यात मात्र मी कडक हिशेबी आहे. कामगाराला बाजारात चालतो तोच पगार, माल पुरवणाऱ्याचे पैसे ९० दिवसांनी. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं यंत्र बंद पडलं, भाग तातडीने हवा होता. मी दुप्पट दर लावला, त्याने मुकाट्याने दिला. त्याच आठवड्यात दानाचा चेक लिहिला आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. भागीदार म्हणतो, धंदा धंद्याच्या जागी, धर्म धर्माच्या जागी. त्यात एका कामगाराने उसने पैसे मागितले आहेत. कॅथोलिक माणसाने धंद्यात स्वतःचं हित बघायचंच नाही का? आणि द्यायचं तर किती?"

स्वतःचं हित जरूर बघा. ख्रिस्तसभेने ते कधी पाप ठरवलेलं नाही. येशूने शेजाऱ्यावरच्या प्रेमाचं मापच 'स्वतःसारखं' असं दिलं आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात म्हटलं आहे की ज्या समाजव्यवस्थेत व्यक्तीचं हित आणि समाजाचं हित एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभं केलं जात नाही, ती जास्त टिकाऊ असते. जिथे व्यक्तीचं हित जबरदस्तीने दडपलं जातं, तिथे त्याची जागा जाचक नोकरशाही घेते आणि माणसाचा पुढाकार आटतो, हेही त्यांनी तिथेच लिहिलं आहे. नफा झाला म्हणजे धंदा नीट चालला आहे, ही खूण त्यांना मान्य आहे. मात्र त्यांच्या मते ती एकमेव खूण नव्हे: हिशेबवही चोख असताना त्याच छपराखाली माणसांचा अपमान चालू असू शकतो.

तेव्हा तुमची अडचण हिशेबीपणाची नाही. हिशेब एका ठिकाणी चुकला आहे. जे तुम्ही दान म्हणून लिहिता, त्यातला काही भाग बहुधा तुम्ही कुणाचं तरी देणं लागता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं: न्यायाने जे द्यायचं आहे ते आधी चुकवा, म्हणजे न्यायाने देय असलेली गोष्ट प्रेमाची भेट म्हणून पुढे केली जाणार नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये तोच क्रम सांगितला. प्रेम न्यायाच्या पुढे जातं, पण न्यायाला वगळून जात नाही. जे दुसऱ्याचं आहे ते त्याला दिल्याशिवाय 'माझ्यातलं' म्हणून मी त्याला काही देऊच शकत नाही.

हा क्रम धरून तुमची वही उघडू.

सर्वात आधी पगार, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे अडकलेली असते. 'बाजारात चालतो तो पगार' हे कॅथोलिक शिकवणीत पुरेसं उत्तर मानलं जात नाही, आणि हे आजचं नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात लिहिलं की दोघांनी राजीखुशीने ठरवलेल्या करारापेक्षाही जुना आणि वरचा एक नियम आहे: काटकसरीने आणि नीट वागणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल, इतकी मजुरी असलीच पाहिजे. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीपोटी कामगाराने कमी मजुरीला होकार दिला, तर तो त्याच्यावर झालेला अन्यायच. पुढे १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ही मजुरी कामगाराच्या कुटुंबाला पुरेशी हवी असं सांगितलं.

मात्र त्यांनीच दुसरी बाजूही मांडली आहे, आणि दानधर्माच्या गोष्टी बोलताना ती सहसा विसरली जाते. धंदा बुडेल आणि त्यासोबत कामगारही बुडतील इतकी मजुरी मागणं अन्यायाचं आहे. पण नफा कमी होण्याचं कारण मालकाचा आळस, पुढाकाराचा अभाव किंवा जुनाट पद्धती असेल, तर कमी मजुरीसाठी ते निमित्त चालत नाही. ही कसोटी स्वतःला लावा. भट्टीसारखं जुनं यंत्र वीज खातं, दर दहातला एक भाग तपासणीत नापास होतो, अशी गळती असेल तर तिचा भार कामगाराच्या पगारावर टाकता येत नाही.

कृती अशी करा. तुमच्या कामगारांपैकी सर्वात कमी पगार असलेल्याचं उदाहरण घ्या. घरभाडं, जेवणखाण, मुलांचं शिक्षण, औषधपाणी, प्रवास आणि थोडी शिल्लक, असा चार माणसांच्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा. आकडे अंदाजाने घेऊ नका, कामगारांनाच विचारा. तुमचा अंदाज हमखास कमी निघतो. घरात दुसरं कुणी कमावत असेल तरी ती कमाई या हिशेबात धरू नका. पत्नी काम करते म्हणून नवऱ्याला कमी द्या, असं म्हणायला आधार नाही. आता खर्च आणि पगार यांतला फरक आठही जणांसाठी काढून वर्षाची बेरीज करा.

समजा वर्षाचा नफा १०० आहे, तुम्ही २० दान करता, आणि ही पगाराची तूट ३० निघाली. मग तुमचं पूर्ण दान, आणि वर आणखी १०, हे कामगारांचं देणं होतं. ऐकायला कडू आहे, पण तुमच्या बेचैनीचं कारण बहुतेक हेच आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलं आहे, ते उगाच नाही.

३० एका फटक्यात भरू नका. दरवर्षी १० याप्रमाणे तीन वर्षांत मूळ पगारात वाढ करा. मूळ पगारातच, बोनसमध्ये नाही. बोनस तुमच्या मर्जीवर असतो. त्याच्या भरवशावर कामगार घर भाड्याने घेऊ शकत नाही, आणि दरवर्षी त्याला तुमचे आभार मानावे लागतात, जे त्याच्या हक्काच्या पैशासाठी त्याने मानायला नकोत. मूळ पगाराची तूट भरल्यावर मग नफ्यात वाटा द्यायचा असेल तर जरूर द्या. पायस अकरावे यांनी मजुरीच्या कराराला भागीदारीची जोड द्यावी, म्हणजे कामगाराला मालकी, व्यवस्थापन किंवा नफ्यात काही वाटा मिळावा, असं सुचवलंही आहे. क्रम मात्र उलटा करू नका. नफ्यातला वाटा म्हणजे मंदीच्या वर्षी शून्य, आणि मंदीच्या वर्षीही मुलांची फी असतेच.

पुरवठादारांचे ९० दिवस हा प्रश्न दिसतो तितका एकसारखा नाही. मोठ्या कंपनीने ९० दिवसांची उधारी दरात धरूनच भाव दिला असेल, तर त्यात अन्याय काही नाही. ठरल्याप्रमाणे चालू ठेवा. पण दोन-तीन माणसांचं युनिट असेल आणि ते ९० दिवस केवळ तुम्ही मोठे गिऱ्हाईक आहात म्हणून गप्प बसत असेल, तर तुम्ही त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेता आहात, आणि तेही न विचारता. बायबलच्या नीतिसूत्रांत एक साधं वाक्य आहे: तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला 'जा, उद्या ये' असं म्हणू नकोस. पुरवठादारांच्या यादीवर दोन रंगांनी खुणा करा. लहानांचा कालावधी दर तिमाहीला १५ दिवसांनी कमी करत न्या, म्हणजे वर्षभरात ९० चे ३० होतील. एकदम ३० वर आणलंत तर त्यांच्याकडच्या वार्षिक खरेदीच्या सुमारे सहाव्या भागाएवढी रोकड एकाच वेळी बाहेर जाईल, आणि मग पगाराच्या दिवशी तुमचीच तारांबळ. चांगल्या हेतूने सुरू केलेले असे बदल मोडतात ते बहुतेक वेळा रोकडीपायी. मन खोटं असतं म्हणून नव्हे.

आता तो दुप्पट दर. या एका सौद्यावर कॅथोलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात इतकं नेमकं लिहून ठेवलं आहे की तुमचंच प्रकरण समोर ठेवून लिहिलंय असं वाटावं. ते म्हणतात, घेणाऱ्याला वस्तूची फार गरज आहे आणि विकणाऱ्याला ती दिल्याने काही तोटा होतो आहे, तर त्या तोट्यापुरता भाव वाढवता येतो. पण विकणाऱ्याला काहीच तोटा नसेल, तर केवळ घेणाऱ्याची निकड बघून भाव चढवता येत नाही. कारण ती निकड विकणाऱ्याची नाही, आणि जे आपलं नाही ते विकता येत नाही. घेणाऱ्याला मोठा फायदा झाला म्हणून त्याने आपण होऊन वर काही दिलं, तर ती गोष्ट वेगळी. ते त्याच्या मनाच्या चांगुलपणाचं आहे.

ही रेघ धरून बिल पुन्हा बनवा. नेहमीचा दर १०० धरा. त्या कामासाठी रात्रपाळी लावली असेल, तिचे जादा २५. दुसऱ्याची ऑर्डर मागे ढकलल्यामुळे दंड किंवा सूट द्यावी लागली असेल, तर १५. झाले १४०. यात थोडंफार इकडेतिकडे झालं तरी चालतं. योग्य भाव हा सुईच्या टोकाएवढा नेमका नसतो, हे अक्वायनस यांनीही मान्य केलं आहे. पण तुम्ही २०० घेतले. उरलेले ६० त्याच्या अडचणीचे आहेत. दुसऱ्याचं अज्ञान किंवा हलाखी यांचा फायदा घेऊन भाव चढवणं कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी करू नको या आज्ञेखाली मोजतो. त्याने 'मुकाट्याने' दिले हे तुम्हीच लिहिलं आहे, आणि त्या शब्दात सगळं आलं.

६० परत करा. पाकिटात घालून नाट्य करायची गरज नाही. त्याच्या खात्यावर जमा टाका, 'तातडीच्या कामाचा दर तपासून दुरुस्त केला' एवढंच लिहा. ही रक्कम गरिबांना देऊन मन हलकं करायचा मोह होईल, तो टाळा. ज्याचे पैसे आहेत तो गिऱ्हाईक माहीत आहे, पत्ता माहीत आहे, त्यामुळे ते त्यालाच जायला हवेत. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत केलं. दोन स्वतंत्र खाती, एकाने दुसऱ्याची भरपाई झाली नाही. (चौपटीचा नियम तुम्हाला लागू नाही.) पुढच्या वेळेसाठी तातडीच्या कामाचा दर आधीच ठरवून छापून ठेवा, म्हणजे समोरच्याचा चेहरा बघून आकडा बदलणार नाही.

स्वतःचं हित आणि औदार्य यांची सीमा कुठे आहे, हे समजायला अक्वायनस यांचंच दुसरं उदाहरण मला सर्वात उपयोगी वाटतं. धान्याची टंचाई असलेल्या गावात एक व्यापारी गहू घेऊन येतो. मागून आणखी बरेच व्यापारी गहू घेऊन येत आहेत हे त्याला माहीत आहे, गावकऱ्यांना नाही. त्यांना कळलं तर भाव पडेल. त्याने सांगायलाच हवं का? अक्वायनस म्हणतात, न्यायाने बांधील नाही, कारण ती पुढे घडायची गोष्ट आहे. चालू भावाने विकलं तर तो अन्याय करत नाही. मात्र सांगितलं किंवा भाव कमी केला तर ते अधिक मोठ्या सद्गुणाचं होईल. त्याच व्यापाऱ्याच्या गव्हाला लपलेली कीड असेल, तर मात्र ती सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे निवड नाही.

म्हणजे सौद्यात तीन पट्टे आहेत: जे केलंच पाहिजे, जे करायला मोकळीक आहे, आणि जे केलं तर मोठेपणा. तुमचा भागीदार पहिला पट्टा पुसतो आणि सगळंच मोकळं समजतो. तुम्ही अपराधी मनाने तिसराही पहिल्यात ओढाल अशी भीती आहे, आणि मग प्रत्येक सौद्यात स्वतःला दोषी धराल. प्रतिस्पर्ध्यापेक्षा चांगला माल बनवून त्याचं गिऱ्हाईक मिळवलंत तर माफी मागण्यासारखं त्यात काही नाही.

तिसऱ्या पट्ट्यातलं औदार्य वर्षअखेरीच्या चेकमध्येच असावं लागतं असंही नाही. बेनेडिक्ट यांचा आग्रह होता की निःस्वार्थ देण्याला रोजच्या आर्थिक व्यवहाराच्या आतच जागा असावी, व्यवहार संपल्यावर मागाहून नव्हे. तुमच्या कामात त्याचा अर्थ असा: नवा भाग विकण्याऐवजी 'जुना घासून आणखी वर्षभर चालेल' असं गिऱ्हाइकाला सांगणं. नव्याने सुरू झालेल्या पुरवठादाराला पहिली छोटी ऑर्डर आणि तिची आगाऊ रक्कम देणं. काम कमी असलेल्या महिन्यात कुणाला न काढता त्या वेळात शिकाऊ मुलाला लेथ शिकवणं. याच्या पावत्या मिळत नाहीत, करसवलतही मिळत नाही, म्हणून लोक हे दानात मोजत नाहीत.

सवलतींबाबत मात्र सावध राहा. अपराधी वाटून दिलेली सूट बहुतेकदा मोठ्याने घासाघीस करणाऱ्याच्या पदरात पडते, आणि अबोल, खरोखर अडलेला माणूस पूर्ण दर देऊन जातो. सूट द्यायची तर नियम करा, उदाहरणार्थ पहिल्या वर्षातल्या युनिटला १० टक्के, आणि तो सगळ्यांना सारखा लावा. ज्या देणगीसाठी तुमच्या युनिटचं नाव फलकावर लागतं ती जाहिरात खर्चात लिहा. जाहिरात करणं वाईट नाही, फक्त तिला दान समजू नका.

किती द्यायचं? कॅथोलिक कायद्यात टक्केवारी नाही. चर्चच्या गरजांना हातभार लावणं आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करणं ही दोन्ही कर्तव्यं चर्चच्या कायदेसंहितेत, कलम २२२ मध्ये आहेत, आकडा नाही. दशांश हा जुन्या करारातला नियम. मोजपट्टी म्हणून उपयोगी, कायदा म्हणून नाही. तेराव्या लिओंचं सूत्र असं: गरज भागली, आणि आपल्या परिस्थितीला साजेसं राहणीमान सांभाळलं, की उरलेल्यातून गरजूंना देणं हे कर्तव्य आहे. समोरचा अगदी जीवनमरणाच्या अडचणीत असेल, तर ते प्रेमाचं कर्तव्य न राहता न्यायाचं होतं.

या सूत्रातली पळवाट 'साजेसं राहणीमान' ही आहे. ते दरवर्षी थोडं वाढतं, आणि 'उरलेलं' कधी उरतच नाही. उपाय एकच: वर्षाच्या सुरुवातीला, नफा किती होईल हे माहीत नसताना, घरखर्चाची वरची मर्यादा लिहून ठेवा आणि नवरा-बायकोने त्यावर सही करा. युनिटसाठी तीन ते सहा महिन्यांचे पगार आणि भाडं भागेल इतकी गंगाजळी ठरवा. तेवढी भरली की ती वाढवत बसू नका. पगाराची तूट, पुरवठादार, कर, परत करायच्या रकमा आधी काढा. मर्यादेच्या वर जे राहील ते उरलेलं, आणि त्यातला मोठा वाटा द्यायचा. पहिल्या वर्षी तुमचं दान २० वरून ६-७ वर आलं तरी घाबरू नका, ते खरं दान असेल. पूर्ण थांबवू मात्र नका. तुमच्या मदतीवर कुणाचं औषध चालू असेल तर ते पगारवाढीची वाट बघू शकत नाही.

उलटं टोकही सांगतो. कुटुंबाला उघड्यावर टाकून दान करणं किंवा गंगाजळी रिकामी करून आठ घरांचा पगार धोक्यात घालणं हे औदार्य नव्हे. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला प्रेषित पौल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट म्हणतो, आणि करिंथकरांना सांगतो की इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं असा हेतू नाही. अक्वायनस यांना उधळपट्टी आणि लोभ हे दोन्ही दोषच वाटतात, पण उधळपट्टी कमी वाईट: तिच्यात निदान दुसऱ्याचा फायदा होतो, आणि म्हातारपण किंवा कफल्लकपणा तिला लवकर बरं करतो. लोभावर असा इलाज नाही.

उसने मागणाऱ्या कामगाराबद्दल. आधी त्याची अडचण का आली ते बघा. पगारच महिनाअखेरपर्यंत पुरत नसेल, तर त्याला कर्ज देणं म्हणजे त्याच्याच पैशासाठी त्याला ऋणी करणं. त्याची पगारवाढ पहिल्या तुकडीत घ्या. आजारपण, लग्न अशी एकदाची गरज असेल तर जी रक्कम बुडाली तरी तुम्ही झोपू शकाल तेवढीच द्या. व्याज नको. दोन ओळींचा कागद करा, दोघांच्या सह्या, हप्ता त्याने सांगितलेला, आणि पगाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कापायचा नाही. ओव्हरटाइमला नाही म्हणायचं, रजा मागायची, दुसरीकडे नोकरी धरायची, हे त्याचं स्वातंत्र्य कर्जाने जाऊ नये, हे त्या कागदावरच लिहा: नोकरी सोडली तरी हप्ते तसेच चालू राहतील. एकरकमी वसुलीची अट घातलीत तर तुम्ही त्याला विकत घेतलंत.

शेवटी भागीदार. तुम्ही 'नफ्यातला पाचवा भाग' लिहिलंत. तो वाटणीच्या आधीचा असेल आणि त्याची संमती नसेल, तर अर्धं दान त्याच्या पैशाने झालं आहे. यापुढे दान फक्त तुमच्या वाटणीतून. पगारवाढ आणि पुरवठादारांचा कालावधी हे मात्र युनिटचे खर्च आहेत, तिथे दोघांची सही लागेल. त्याला धर्म सांगायला जाऊ नका. पगाराच्या तुटीचा कागद, गेल्या तीन वर्षांत किती कामगार सोडून गेले आणि प्रत्येक नव्याला शिकवताना किती माल वाया गेला याचा आकडा, असे दोन कागद समोर ठेवा. त्याला स्वतःचं हित नीट मोजता येतं, ते त्याला मोजू द्या. पगारवाढीच्या पहिल्या वर्षीच्या १० ला तो तयार झाला नाही, तर तुमच्या वाटणीतून ५ सोडायची तयारी दाखवा आणि त्याने ५ सोडावेत असं विचारा.